बागेची ट्रायल

बाग उंच माणसांची होती, हे कोणीही पहिल्या फटक्यात सांगितलं असतं. नळ खांद्याच्या उंचीवर होता, त्यामुळे हात धुवायला गेलं की पाणी थेट काखेपर्यंत यायचं. कपडे वाळत घालायची तार इतकी वर की तिच्यावर पायमोजा टाकायचा तर नेम धरावा लागे. पायवाटेच्या फरश्यांमध्ये एवढं अंतर, की घरापासून अंजिराच्या झाडापर्यंत जाणं म्हणजे ओढा ओलांडणं. गुलाब डोक्याच्याही वर फुलत. खालून त्यांच्या नुसत्या हनुवट्या दिसत. आणि भिंतीला पाठ लावून एक लाकडी बाक होता. त्यावर कसंबसं चढून बसलं की पाय लोंबकळत, आणि आता कोणीतरी येऊन हजेरी घेणार असं वाटे.

आधीच्या मालकांना गल्लीत उंचकाका आणि उंचकाकू म्हणत. घर दाखवायला आले तेव्हा मात्र दोघंही साधारण उंचीचे, किंबहुना साधारणपेक्षा जरा कमीच होते. वय झालं की माणूस आटतो. गल्लीने नाव तेवढं आटवलं नव्हतं. "हल्ली झेपत नाही," एवढंच म्हणाले, किल्ली हातात दिली आणि दोन रस्ते पलीकडच्या एका खोलीत राहायला गेले.

घर घेतलं ते मास्तरने आणि त्याच्या बायकोने. मास्तर शिंपी होता, पण एकाच बाजूने. नवीन काही शिवत नसे. त्याच्या दुकानात फक्त शिवलेलं सुधारून मिळे: लांबाचं आखूड, ढगळाचं अंगासरसं, बापाचं ते मुलाचं. "नवं शिवायला काय लागतं?" तो म्हणे. "कोरं कापड बिचारं काही बोलत नाही. जुन्या कपड्याला मतं असतात."

बायको रेल्वे स्टेशनवर घोषणा करायची. कोणती गाडी किती उशिरा येणार हे ती इतक्या मऊ आवाजात सांगे, की लोक उशिराबद्दल तिचे आभार मानायला खिडकीशी येत. घरी तो आवाज फक्त रागावल्यावर निघे. एरवी "अरे मास्तर", आणि चिडली की एकदम अहो-जाहो.

नव्या घरात सगळं सामान लागलं, पडदे लागले, घड्याळ लागलं, आणि मग एका सकाळी चहाच्या वेळी तो आवाज आला.

"कृपया लक्ष द्या. या घरात माझी गाडी अजून फलाटाला लागलेली नाही."

मास्तरने कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"तुमच्या मागे बघा, म्हणजे कळेल."

मागे तिची ट्रंक होती. सामान आलं त्या दिवशी जिथे टेकवली होती तिथेच, कुलूपबंद. मास्तरने तिच्यावर फुलदाणी ठेवून ते टेबल आहे असं घराला पटवायचा प्रयत्न केला होता.

"मला वाटलं, उघडायची विसरलीस."

"विसरले नाही." आता ती साध्या आवाजात बोलायला लागली, आणि ते जास्त वाईट होतं. "मी जन्मभर ताईचे उतरलेले कपडे घातले. ताईचे बूट, ताईचं दप्तर. दप्तरावरचं नावसुद्धा ताईचं, कारण ते खोडून निघेना. बाई हजेरीला मला ताईच्याच नावाने हाक मारायच्या आणि मी ओ द्यायचे. आता घरही उतरलेलं. घराचं एक वेळ चालेल रे, त्याला आपले पडदे तरी आहेत. पण बागेत गेले की मी कुणाच्या तरी घरी आलेली लहान मुलगी होते. मोठी माणसं आत गेलीत आणि मी त्यांची वाट बघत बाकावर बसलेय."

"अगं, ते परत येणार नाहीयेत."

"तेच तर. मग मी किती वेळ बसू?"

तिच्याकडे पुढचं वाक्य तयारच होतं. ताईच्या गावच्या स्टेशनवर जागा रिकामी झाली होती. बदली मागितली तर मिळेल, असं साहेब म्हणाले होते. थंडी संपेपर्यंत काय ते कळवायचं.

"आणि मी?" मास्तरने विचारलं.

"तू रविवारी येत जा. गाडी किती उशिरा आहे ते मीच सांगत असेन."

"ताईकडे तर सगळं ताईचंच असेल."

"असू दे. तिथे मी पाहुणीच असेन. पाहुणीला कोणी विचारत नाही, हे घर तुला आपलं का वाटत नाही म्हणून."

मास्तरने खिडकीतून बाहेर पाहिलं. अंजिराच्या झाडावर एक पान नव्हतं. राखाडी फांद्या वर करून ते उभं होतं, टेप लावायला आलेल्या गिऱ्हाइकासारखं. आणि मास्तरच्या तोंडून निघून गेलं, "अंजिराला पालवी फुटेपर्यंत थांब. बाग तुझ्या मापाची करून देतो."

"बाग म्हणजे काय पँट आहे?"

"पँटपेक्षा सोपी. खिसे नसतात."

ती हसली नाही. पण हसू दाबताना तिचं नाक हलायचं, तसं हललं. मास्तरला तेवढं बस झालं.

"तोवर बागेत यायचं नाही," तो म्हणाला. "ट्रायलला बोलावेन."

"माप नाही घ्यायचं माझं?"

"तुझं माप मला पाठ आहे."

ही काही फुशारकी नव्हती. लग्नाच्याही आधी, एका दुपारी, ती ताईचा कोट घेऊन त्याच्या दुकानात आली होती. तिच्या मापाचा करून द्या म्हणाली. त्याने टेप लावला, आणि तेव्हापासून ते आकडे त्याच्या डोक्यात घर करून होते. स्वतःचा वाढदिवस त्याला आठवत नसे, पण तिच्या खांद्यापासून मनगटापर्यंतचं अंतर झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर गळ्यात टेप आणि कानावर खडू अडकवून बागेत उतरला.

आधी झाडांची मापं. माप घेताना माणूस पोट आत घेतो, ही जगातल्या समस्त शिंप्यांची डोकेदुखी. खोटी मापं देऊन खरा कपडा मागणारी जात ती! म्हणून मास्तर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापात गुपचूप दोन बोटं वाढवी. लिंबाच्या झाडाभोवती टेप गुंडाळला तर लिंबानेही पोट आत घेतलं. मास्तरने त्याच्याही मापात दोन बोटं वाढवली आणि चारचौघांत वाच्यता केली नाही.

मग काम. मास्तरला त्याच्या वडलांनी एकच मंत्र दिला होता: आधी दुमड, मग कच्चे टाके, मग ट्रायल, आणि सगळ्यात शेवटी कात्री. कापलेलं कापड माफ करत नाही. तेव्हा बागेत त्याने काहीही कापलं नाही. गुलाबाच्या फांद्या खाली वाकवल्या आणि पांढऱ्या दोऱ्याने कच्च्या बांधल्या. तारेला मधोमध झोळ दिला. नळाला रबरी नळी लावून त्याची बाही खाली आणली. फरश्या उचलून जवळजवळ मांडल्या. बाकाचे पाय करवतीने कापणं सोपं होतं, पण त्याने खड्डे खणून ते जमिनीत दुमडले, पँटची खालची कड दुमडतात तसे, आणि माती दाबून वर इस्त्री केल्यासारखा हात फिरवला.

शेजारी कवळीवाले काका राहायचे. जन्मभर त्यांनी लोकांच्या खोट्या बत्तिशा घडवल्या होत्या. आता ते कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून दिवसभर उंटावरून शेळ्या हाकत.

"मास्तर, कात्री लावा हो! गोंजारताय काय? किडका दात आणि वाढलेली फांदी, दोन्ही मुळापासून!"

"ट्रायलच्या आधी कापत नसतात, काका."

"ट्रायल कुणाची? झाडाची?"

"बायकोची."

काकांनी स्वतःची कवळी जिभेने सारखी केली. "आमच्या हिला मी एकदा माझ्या हाताने कवळी करून दिली होती. जीव ओतला होता जीव. तेव्हापासून ती माझ्याशी बोलली नाही."

"बसली नाही?"

"बसली ना. इतकी बसली की तोंडच उघडेना."

मास्तर हसला आणि पुढच्या फांदीला टाका घालायला लागला. सांगणारा सांगून जातो. ऐकणाऱ्याचे कान त्या वेळी दोरा ओवण्यात गुंतलेले असतात.

थंडी वाढली तशी बाग पांढऱ्या दोऱ्यांनी भरून गेली. सकाळी धुकं खाली यायचं, दोऱ्यांवर दव बसायचं, आणि सगळी बाग ट्रायलच्या खोलीत अर्धवट कपड्यांत उभ्या असलेल्या माणसासारखी दिसायची, जरा संकोचलेली, हात वर. कुठे बाग संपते आणि कुठे धुकं शिवलंय ते कळत नसे. एकदा एका चिमणीने घरट्यासाठी दोरा पळवला. त्याचं दुसरं टोक गुलाबात होतं. गुलाब तिच्यामागे चार पावलं चालत गेला आणि मग विचार बदलून परत आला, असं मास्तरने शपथेवर सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही म्हणून राहिलं. दुपारी उन्हात बसला की त्याला डुलकी लागे, आणि डुलकीत बाग त्याला विचारी, "कुठवर आलंय?" तो म्हणे, "काज-बटणं राहिलीत."

दुकानातही तो तसाच वावरत होता. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला त्याने पाणी घातलं. कोटाने तक्रार केली नाही. गिऱ्हाइकाने केली.

बायको पडद्याआडून ठोकण्याचे, खणण्याचे आवाज ऐकायची. एकदा तिने विचारलं, "किती उशिराने धावतेय?"

"वेळेवर आहे," मास्तर म्हणाला, आणि त्याच आठवड्यात अंजिराच्या टोकांना हिरवे ठिपके आले.

ट्रायलच्या दिवशी मास्तरने स्वच्छ शर्ट घातला. बायको दारात उभी राहिली, दोऱ्यांनी पांढऱ्या झालेल्या बागेकडे बघत राहिली, आणि काही क्षण तिचा चेहरा असा झाला, की मास्तरला वाटलं, जिंकलं.

मग ती चालायला लागली.

फरशीमागून फरशी तिच्या पावलाखाली बरोबर येत होती, तरी ती दोरीवरून चालल्यासारखी चालली. लिंबू आणि गुलाबामधून जाताना तिने अंग चोरलं. तारेला हात पोहोचला, पण कोपर बरगड्यांना चिकटवून. बाकावर बसली ती फोटोला बसतात तशी, ताठ.

"कशी वाटते?" मास्तरने विचारलं.

"मापात आहे."

"छान आहे" म्हणणारं गिऱ्हाईक परत येतं. "ढगळ आहे" म्हणून भांडणारंही येतं. "मापात आहे" म्हणणारं कधीच येत नाही.

"कुठे काचतंय का?"

"कुठेच नाही." ती थांबली. "सगळीकडे."

"अगं, पण माप तंतोतंत..."

"प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत," ती त्या आवाजात म्हणाली आणि उठली. दारापाशी जाऊन वळली. या खेपेला आवाज साधा होता. "तू खूप केलंस रे मास्तर. पण ही दुसऱ्याच कुणाची तरी आहे. मी उद्या संध्याकाळी ड्यूटीवर गेले की साहेबांना सांगते."

मास्तरने टेप काढला आणि सगळी बाग पुन्हा मोजली. खांदा बरोबर. हात बरोबर. कंबर बरोबर. केसाचाही फरक नव्हता. भिंतीवरून कवळीवाले काका म्हणाले, "बसली का?" आणि मास्तर टेप गळ्यात टाकून आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ती ड्यूटीवर निघायच्या आधी, दाराची घंटी वाजली. बाहेर उंचकाका आणि उंचकाकू एकमेकांच्या आधाराने उभे होते.

"काही राहिलंय का तुमचं?" मास्तरने विचारलं.

"उंची," उंचकाका म्हणाले. "थोडीफार इथे राहिली असेल तर बघावं म्हटलं."

"यांचं मनावर घेऊ नका," काकू म्हणाल्या. "बाग बघायला आलोय. आमच्या खोलीला खिडकी आहे, पण तिच्यातून दुसरी खिडकी दिसते."

मास्तर त्यांना मागे घेऊन गेला. दोऱ्यांनी भरलेली बाग बघून दोघांनी मान डोलावली. बहुतेक त्यांना वाटलं, हल्ली बागा अशाच असतात. मग काकूंना बाक दिसला.

"अगंबाई! खाली आला!"

"दरवर्षी वर जायचा हा," उंचकाका मास्तरला म्हणाले. "आम्हाला वाटलं, लाकूड वाढतंय. जुनं लाकूड, कुणास ठाऊक. शेवटी शेवटी तर चढवेना. ही खाली उभी, मी खाली उभा, आणि बाक रिकामा. सुताराला बोलावलं. त्याने मोजला आणि म्हणाला, बाक होता तेवढाच आहे. तेव्हाच घर विकायचं ठरवलं."

"तुमची मापं नाही घेतली कुणी?"

"आमची?" उंचकाकांना गंमत वाटली. "आमची कशाला? आमचं माप आम्हाला पाठ होतं."

मास्तरचा हात गळ्यातल्या टेपवर गेला आणि तिथेच राहिला.

काकू बाकावर बसल्या. त्यांची पावलं जमिनीला टेकली. त्यांनी खाली वाकून पावलांकडे पाहिलं, जणू बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या नातेवाइकांकडे बघत होत्या, आणि मग श्वास सोडला. हुश्श. तो इतका लांब निघाला की बागेतले सगळे दोरे हलले. लिंबाने पोट सोडलं. एक टाका कुठेतरी तटकन तुटला.

दारात मास्तरची बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती काकूंकडे बघतच राहिली. मग तिने ट्रे पायरीवर ठेवला.

"मास्तर, माझं माप तू नक्की कधी घेतलंस?"

"कोट आणलास तेव्हा."

"त्यानंतर?"

"त्यानंतर कशाला? पाठ होतं ना."

"त्या दिवशी मी अंग चोरून श्वास धरला होता."

"का?"

"का म्हणजे काय? तू टेप घेऊन एवढ्या जवळ आलास म्हणून. तू मागे सरकून खडू शोधायला लागलास, तेव्हा सोडला."

साऱ्या गावाच्या मापात त्याने दोन बोटं वाढवली होती. लिंबाच्या झाडाच्याही वाढवली होती. आणि या एका मापाला कधी हात लावला नव्हता, कारण ते इतकं सुंदर पाठ झालं होतं.

"म्हणजे तो कोट..."

"कधी बसलाच नाही. घातला की श्वास धरावा लागतो. ट्रंकेत आहे."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर परत माप घेतलं असतंस. परत धरला असता."

"आम्ही निघू का?" उंचकाकांनी हळूच विचारलं.

"गप बसा हो," काकू म्हणाल्या. "आत्ता कुठे पाय टेकलेत."

मास्तर टेप घेऊन बायकोजवळ गेला. "श्वास सोड," तो म्हणाला.

"सोडला."

"अजून."

"अजून सोडला तर पडेन."

"बरं, मग काहीतरी बोल. बोलतानाचं माप हवंय मला. उभं राहिल्याचं नको."

ती विचारात पडली. मग गळा साफ करून, स्टेशनच्या त्या मऊ आवाजात, पण या वेळी न रागावता म्हणाली, "कृपया लक्ष द्या. ताईच्या गावाकडे जाणारी गाडी अनिश्चित काळासाठी उशिराने धावत आहे."

मास्तरने टेप बघितला. आकडा निराळा होता. एकदम निराळा. त्याने तो मोठ्याने म्हटला नाही, आणि पाठही केला नाही.

मग उसवण सुरू झाली. काहीच कापलेलं नव्हतं, म्हणून सगळं सुटलं. गुलाब दोन बोटं मागे गेला, लिंबू बाजूला सरकलं, फरश्या मोकळ्या झाल्या. दोऱ्यांची एवढी रास निघाली की चिमण्यांनी त्या वर्षी दुमजली घरटी बांधली. बाकाशी मात्र गाडी अडली. काकू रोज दुपारी येऊन बसायला लागल्या होत्या आणि त्यांना बाक आहे तसाच हवा होता. आणि बायको म्हणाली, खरं सांगू का, बाक मला उंचच आवडायचा. पाय हलवत बसायला बरं वाटतं. मोठ्या बाईने हे कसं सांगायचं म्हणून बोलले नाही.

मास्तरने पूर्ण दिवस विचार केला आणि बाकाच्या एकाच बाजूची दुमड उसवली.

"वाकडा झालाय!" कवळीवाले काका भिंतीवरून ओरडले.

"बसतो का विचारा," मास्तर म्हणाला.

बसतो. खालच्या टोकाला उंचकाका, त्यांच्या शेजारी पाय टेकवून काकू, मग मास्तर, आणि वरच्या टोकाला ती. तिथे चढायला पायरी हवी, म्हणून तिने ट्रंक रिकामी करून बाहेर आणून ठेवली आहे. कोट दुकानात गेलाय, दोन बोटं सोडवायला. अंजिराची पानं आता हाताएवढी झाली आहेत आणि त्यांच्या सावलीत ती पाय हलवत बसते. हलवता हलवता उतारावरून सरकते. आधी मास्तरला टेकते, मग मास्तर काकूंना टेकतो, काकू काकांना, आणि काका बाकाचा हात घट्ट धरून म्हणतात, "गर्दी फार झाली."

मग ती उठते, ट्रंकेवर पाय देते, आणि पुन्हा वरच्या टोकाला जाऊन बसते.